मॅच फी सारखी झाली, मग कमाई सारखी झाली का?

कराडच्या एका ताईंनी विचारलंय. मुलगी सोळा वर्षांची आहे, मध्यमगती गोलंदाजी करते, जिल्ह्याच्या एकोणीस वर्षांखालील संघात तिची निवड झाली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकल्यापासून घरात एकच वाद चालू आहे. ताईंचं म्हणणं, आता मुलींनाही मुलांइतकेच पैसे मिळतात, तर पोरीला पूर्ण वेळ खेळू द्यावं. त्यांच्या भावाचं म्हणणं, महिला क्रिकेट स्वतःच्या जिवावर कमवत नाही, पुरुषांच्या पैशावर चाललंय, असं किती दिवस टिकणार? तेव्हा समान वेतन खरोखर झालंय का, आणि ते योग्य आहे का, हे कुणीतरी नीट समजावून सांगावं.

मी पुण्यात खेळाडूंचे करार, कर आणि पैशांचं नियोजन पाहते. पुरुष खेळाडूंचंही पाहते आणि महिला खेळाडूंचंही, त्यामुळे दोन्हीकडचे कागद रोज हाताखालून जातात. त्या कागदांच्या आधारानेच उत्तर देते.

ताई, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. एक न्यायाचा: सारख्या कामाला सारखा पैसा मिळावा का? दुसरा पोटापाण्याचा: माझ्या मुलीचं यावर भागेल का? पहिल्याचं उत्तर मी ठामपणे देऊ शकते. दुसऱ्याचं उत्तर ती कोणत्या पायरीपर्यंत पोचते यावर अवलंबून आहे आणि तिथे मी कुणालाही हमी देत नाही. घरातला वाद मिटत नाहीये तो यामुळे, की तुम्ही पहिल्या प्रश्नाबद्दल बोलताय आणि तुमचा भाऊ दुसऱ्याबद्दल.

आधी नेमकं काय झालं ते पाहू. २७ ऑक्टोबर २०२२ रोजी बीसीसीआयने जाहीर केलं की करारबद्ध महिला क्रिकेटपटूंना पुरुषांइतकीच मॅच फी मिळेल: कसोटीला १५ लाख, वनडेला ६ लाख, टी-ट्वेंटीला ३ लाख. त्याआधी महिलांना वनडे किंवा टी-ट्वेंटीच्या एका सामन्याचा १ लाख मिळायचा. म्हणजे वनडेत एकदम सहापट वाढ. ही मोठी गोष्ट होती आणि तिचं श्रेय द्यायलाच हवं. २००५ च्या विश्वचषकात भारतीय संघ अंतिम फेरीत गेला तेव्हा एका सामन्याचे हजार रुपये मिळाले होते, असं तेव्हाची कर्णधार मिताली राजने सांगितलं आहे. तिथून सहा लाखांपर्यंतचा पल्ला सतरा वर्षांत पार पडला.

पण मॅच फी हा खेळाडूच्या कमाईचा एक तुकडा आहे. माझ्या टेबलावर पुरुष क्रिकेटपटूची फाइल येते तेव्हा तिच्यात निदान पाच रकाने असतात: बोर्डाचा वार्षिक करार, मॅच फी, लीगचा करार, बक्षिसं आणि बोनस, जाहिराती. २०२२ मध्ये यातला एक रकाना समान झाला. २०२३ च्या जुलैमध्ये आयसीसीने आपल्या स्पर्धांमधली बक्षिसाची रक्कम समान केली, तेव्हा आणखी एक अर्धामुर्धा समान झाला. बाकीचे होते तिथेच आहेत.

वार्षिक कराराचं बघा. २०२४-२५ च्या यादीत पुरुषांची ए-प्लस श्रेणी ७ कोटींची, ए ५ कोटींची, बी ३ कोटींची आणि सी १ कोटीची. महिलांची ए श्रेणी ५० लाखांची, बी ३० लाखांची, सी १० लाखांची. म्हणजे पुरुषांच्या सगळ्यात खालच्या श्रेणीला जे मिळालं, त्याच्या निम्मं हरमनप्रीत कौर आणि स्मृती मानधनाला सगळ्यात वरच्या श्रेणीत मिळालं. मला याहून जास्त खटकतं ते वेगळंच. महिलांचे हे ५०, ३० आणि १० लाखांचे आकडे मार्च २०१८ मध्ये ठरले होते. त्यानंतर संघ मेलबर्नला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात खेळला, महिलांची लीग आली, वनडेची मॅच फी सहापट झाली, तरी २०२४-२५ पर्यंत हा आकडा एका रुपयाने हलला नाही. मॅच फी खेळलात तरच मिळते. वार्षिक करार दुखापतीतही चालू राहतो, आणि गोलंदाजी करणाऱ्या मुलीच्या आईने तर हा फरक आधी समजून घ्यायला हवा.

आता कसोटीची मॅच फी घ्या. १५ लाख दोघांनाही. पण भारतीय महिला संघ नोव्हेंबर २०१४ मध्ये म्हैसूरला कसोटी खेळला आणि त्यानंतरची कसोटी थेट जून २०२१ मध्ये ब्रिस्टलला. अलीकडे परिस्थिती सुधारली, डिसेंबर २०२३ मध्ये नवी मुंबईत इंग्लंडला आणि वानखेडेवर ऑस्ट्रेलियाला हरवलं, तरी २०२४ च्या अख्ख्या वर्षात महिलांच्या वाट्याला एकच कसोटी आली. पुरुषांनी त्या वर्षी १५ खेळल्या. शिवाय मार्च २०२४ मध्ये पुरुषांच्या कसोटी संघासाठी वेगळी प्रोत्साहन योजना आली. हंगामातल्या ७५ टक्क्यांहून जास्त कसोटींत अंतिम अकरात असलात तर प्रत्येक कसोटीमागे १५ लाखांवर आणखी ४५ लाख. ती योजना महिलांना नाही. मॅच फीचा तक्ता समान दिसतो, पण त्याच्या शेजारी दुसरा तक्ता फक्त एका बाजूला लावलेला आहे.

हिशेब समोर मांडते, म्हणजे भावाला दाखवता येईल. समजा, एका वर्षात दोघांनी १२ वनडे आणि १२ टी-ट्वेंटी खेळले. तिने १ कसोटी खेळली, त्याने १०. दोघंही ए श्रेणीत. तिची मॅच फी १ कोटी २३ लाख आणि करार ५० लाख, एकूण १ कोटी ७३ लाख. त्याची मॅच फी २ कोटी ५८ लाख, कसोटी प्रोत्साहन ४ कोटी ५० लाख आणि करार ५ कोटी, एकूण १२ कोटी ८ लाख. मॅच फीचा दर तंतोतंत समान, आणि वर्षअखेरीस त्याची कमाई तिच्या सातपट. सामन्यांची संख्या मी उदाहरणापुरती धरली आहे, दर खरे आहेत. म्हणून समान वेतनाबद्दल कुणी विचारलं की मी उलट विचारते: दर समान हवाय, की कामाचे दिवसही समान हवेत? दिवस कोण ठरवतं, हा यातला खरा कळीचा मुद्दा आहे.

आता तुमच्या मुलीच्या दृष्टीने जवळचं बोलू. आंतरराष्ट्रीय करार २०२४-२५ मध्ये १६ मुलींना मिळाला. सोळा. देशभरात राज्यांकडून खेळणाऱ्या मुली शेकड्यांनी आहेत, आणि आपलं जग ते आहे.

डोमेस्टिक क्रिकेटमध्ये सिनियर महिलांना २०२१ पर्यंत दिवसाला साडेबारा हजार मिळत, मग २० हजार झाले. विश्वचषकानंतर, डिसेंबर २०२५ मध्ये बीसीसीआयने हा दर वाढवला. वनडे आणि बहुदिवसीय सामन्यांत अंतिम अकरातल्या खेळाडूला दिवसाला ५० हजार, राखीव खेळाडूला २५ हजार. टी-ट्वेंटीला २५ हजार आणि साडेबारा हजार. राज्याच्या एकोणीस आणि तेवीस वर्षांखालील संघांतल्या मुलींना दिवसाला २५ हजार, राखीव असल्यास साडेबारा हजार. विश्वचषकानंतर मिळालेल्या सगळ्या बक्षिसांपेक्षा मला हा निर्णय महत्त्वाचा वाटतो, कारण तो कॅमेऱ्यासमोर नसलेल्या मुलींपर्यंत पोचतो.

तरीही दिवसांचा घोळ इथेही आहेच. रणजी करंडकात नवा आलेला मुलगा दिवसाला ४० हजारांवर खेळतो, म्हणजे नव्या दराने राज्याची सिनियर मुलगी त्याच्यापेक्षा दिवसाला जास्त घेते. पण त्याचा साखळीतला रणजी सामना चार दिवसांचा असतो आणि तो असे सात खेळतो. ७ सामने, २८ दिवस, ११ लाख २० हजार, विजय हजारे आणि मुश्ताक अली या स्पर्धांचे पैसे वेगळे. महिलांसाठी राज्याराज्यांत चार दिवसांची रणजीसारखी स्पर्धाच नाही. बहुदिवसीय क्रिकेट आहे ते विभागीय संघांमध्ये, थोडकंच. मुलीने वनडेचे सात आणि टी-ट्वेंटीचे सात सामने खेळले असं धरलं, तर नव्या दराने सव्वापाच लाख होतात. तेही सगळ्या सामन्यांत अंतिम अकरात असेल तर.

माझ्याकडे एका जिल्ह्याच्या गावातून आलेल्या राज्याच्या खेळाडूचं पासबुक आहे, जुन्या दराच्या काळातलं. पान उघडलं की लगेच कळतं. वडिलांनी महिन्याला पाठवलेले चार-पाच हजार, ते दर महिन्याला. अकॅडमीची फी वजा. एकदा बॅटचे पस्तीस हजार वजा, इंग्लिश विलो लाकडाची त्याच्या खाली चांगली मिळत नाही. आणि मग कुठेतरी मधेच, हंगाम संपून कित्येक महिने उलटल्यावर, मॅच फीची एक एकगठ्ठा नोंद, १० टक्के टीडीएस कापून आलेली. वर्षाची कमाई ती एवढीच. त्या मुलीचं एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेच्या कितीतरी खाली होतं, म्हणजे कापलेला कर परत मिळायला हवा होता, पण रिटर्न भरायचं असतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ताई, हे लिहून ठेवा: पहिली मॅच फी आली की त्याच वर्षी रिटर्न भरायला लागा.

पैसे वेळेवर येणं हाही समानतेचाच भाग आहे. २०२० च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात आपला संघ उपविजेता ठरला. त्या बक्षिसातला वाटा खेळाडूंना २०२१ च्या मे महिन्यापर्यंत मिळालेला नव्हता. वृत्तपत्रांत बातमी आली तेव्हा हालचाल झाली. रक्कम ठरवणं आणि रक्कम खात्यात पोचणं, दोन्ही बघावं लागतं.

आता तुमच्या भावाचा मुद्दा. तो मी अजिबात झटकत नाही, कारण असं म्हणणारे मूर्ख नसतात. सांगलीच्या स्मृती मानधनानेच जानेवारी २०२० मध्ये म्हटलं होतं की पैसा पुरुषांच्या क्रिकेटमधून येतो हे आम्हाला समजतं, महिला क्रिकेट कमवायला लागेल तेव्हा समान वेतन मागणारी पहिली मी असेन, पण आज ते मागणं योग्य नाही. ती तेव्हा मनापासून आणि प्रामाणिकपणे बोलली. तरी मला तेव्हाही तो युक्तिवाद पुरता पटला नव्हता, आणि त्याची कारणं दोन आहेत.

पहिलं कारण रणजी. रणजी सामना बघायला किती लोक येतात? गहुंजेच्या स्टेडियमवर कधी जाऊन बसा. त्या सामन्यांची तिकिटं आणि प्रक्षेपण यांतून खेळाडूंची मॅच फी निघत असेल असं कुणी म्हणणार नाही. रणजी चालते आयपीएल आणि भारतीय संघाच्या पैशावर. आणि ते बरोबरच आहे, कारण भारतीय संघ तिथूनच तयार होतो. रणजीच्या खेळाडूला आपण कधी विचारत नाही की तू स्वतः किती कमवून दिलंस? एकोणीस वर्षांखालच्या मुलांनाही विचारत नाही. बोर्डाचा पैसा हा सगळ्या खेळाचा पैसा आहे, तो पुढच्या पिढीत गुंतवायचा असतो, हे तत्त्व आपण मुलांच्या बाबतीत केव्हाच मान्य केलेलं आहे. 'आधी कमवून दाखव' ही अट फक्त मुलींच्या दारातच का येते?

दुसरं कारण, कमाई आपोआप होत नाही, ती करावी लागते. महिला क्रिकेटची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७३ मध्ये आपल्या पुण्यात झाली. तीन संघ होते: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. पुढची तीसेक वर्षं महिलांची वेगळी संघटना होती, पैसा नव्हता, आरक्षण नसलेल्या डब्यातून प्रवास करत मुली खेळल्या, आणि रेल्वेने नोकऱ्या दिल्या म्हणून कित्येकींची कारकीर्द उभी राहिली. बीसीसीआयच्या छत्राखाली महिला क्रिकेट आलं ते २००६ मध्ये. आयपीएल २००८ मध्ये सुरू झाली, महिलांची लीग २०२३ मध्ये. पंधरा वर्षांचं अंतर. त्या पंधरा वर्षांत ज्या मालाला दुकानच दिलं नाही, त्याला गिऱ्हाईक नाही असं कसं म्हणता येईल?

आणि दुकान उघडल्यावर काय झालं तेही बघा. पाच संघ ४६६९.९९ कोटींना विकले गेले. प्रक्षेपणाचे पाच वर्षांचे हक्क ९५१ कोटींना गेले, सामन्यामागे ७ कोटी ९ लाख. फेब्रुवारी २०२३ च्या मुंबईतल्या लिलावात स्मृतीला ३ कोटी ४० लाख मिळाले.

इथे मी एक हिशेब करते, जो सहसा कुणी करत नाही. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींचे, म्हणजे वर्षाला साधारण ९,६७८ कोटी. दहा संघांची खेळाडूंवरच्या खर्चाची मर्यादा २०२५ च्या हंगामाला प्रत्येकी १२० कोटी, एकूण १,२०० कोटी. प्रक्षेपणाच्या पैशाच्या सव्वाबारा टक्क्यांच्या आसपास. महिलांच्या लीगचे हक्क वर्षाला १९० कोटी. पाच संघांची मर्यादा प्रत्येकी १५ कोटी, एकूण ७५ कोटी. साडेएकोणचाळीस टक्क्यांच्या आसपास. प्रायोजक आणि तिकिटं यात धरलेली नाहीत, तरी दिशा स्पष्ट आहे. भावाचा मुद्दा 'जेवढी कमाई तेवढा वाटा' हाच असेल, तर आयपीएलमधल्या पुरुषांनाच त्यांच्या कमाईचा वाटा फार कमी मिळतोय. महिलांच्या लीगमध्ये मालक टक्केवारीने जास्त देतात, कारण ते आजच्या गिऱ्हाइकाला नव्हे, दहा वर्षांनंतरच्या गिऱ्हाइकाला पैसे मोजताहेत. हा धंद्याचा विचार आहे, त्यात उपकार कुठलाच नाही.

तेव्हा लीगमध्ये स्त्री-पुरुषांना समान रक्कम मिळावी, असं मी म्हणते का? आज नाही. लीग हा बाजार आहे, तिथे ऋषभ पंतला २७ कोटी मिळतात ते बोली लागली म्हणून. तिथे मी फक्त एवढंच मागते की सामने वाढवा, संघ वाढवा, किमान बोली वाढवा. १० लाखांच्या मूळ किमतीत घेतलेली मुलगी अख्खा हंगाम बाकावर बसून परत जाते, तिचा विचार करा. पण बोर्ड हा बाजार नाही. देशासाठी खेळायला बोर्ड बोलावतं, खेळपट्टीची लांबी तीच, टोपी तीच, जबाबदारी तीच. तिथे वार्षिक करारात दहापट फरक ठेवायला मला काहीही कारण सापडत नाही. लीग आणि देश हे दोन वेगळे खिसे आहेत, आणि या वादातला निम्मा गोंधळ त्यांची सरमिसळ केल्याने होतो.

टेनिसचं उदाहरण लोक हमखास देतात. अमेरिकन ओपनने १९७३ मध्ये समान बक्षीस दिलं, विम्बल्डनला तिथे पोचायला २००७ उजाडलं. ते उदाहरण आपल्याला अर्धंच लागू पडतं, कारण टेनिसमध्ये एकाच मैदानावर, एकाच तिकिटावर, एकाच पंधरवड्यात दोन्ही स्पर्धा होतात. मला जवळचं वाटतं ते आपल्या दीपिका पल्लिकलचं. राष्ट्रीय स्क्वॉश स्पर्धेत महिला विजेतीला पुरुषाहून कमी बक्षीस म्हणून तिने २०१२ पासून काही वर्षं त्या स्पर्धेत खेळायलाच नकार दिला. २०१६ मध्ये बक्षीस समान झालं, तेव्हा ती परत आली आणि जिंकली. जागतिक क्रमवारीत पहिल्या दहांत जाऊन आलेल्या खेळाडूला हे परवडलं. तुमच्या-माझ्या मुलीला ट्रायल्स सोडून घरी बसणं परवडत नाही, म्हणून एकटीच्या बहिष्कारापेक्षा संघटना लागते.

आणि नेमकी तीच आपल्याकडे नाही. न्यूझीलंडने २०२२ च्या जुलैमध्ये आंतरराष्ट्रीयबरोबर डोमेस्टिक मॅच फीही समान केली आणि महिलांचे डोमेस्टिक करार ५४ वरून ७२ केले. तो करार बोर्ड आणि खेळाडूंची संघटना यांनी समोरासमोर बसून केला. ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये महिला पहिल्यांदा पुरुषांच्याच करारात आल्या, तेही खेळाडूंच्या संघटनेने धरून ठेवलं म्हणून. नॉर्वेच्या फुटबॉलमध्ये २०१७ मध्ये पुरुषांनी स्वतःच्या वाट्यातली रक्कम महिलांकडे वळवली. अमेरिकेच्या महिला फुटबॉलपटूंनी २०१९ मध्ये दावा लावला, फेब्रुवारी २०२२ मध्ये २ कोटी ४० लाख डॉलरांवर तडजोड झाली, आणि त्याच वर्षी पुरुष-महिला दोघांच्या संघटनांनी विश्वचषकाचं बक्षीस एकत्र करून वाटायचं मान्य केलं. भारतात चालू खेळाडूंची मान्यताप्राप्त संघटना नाही. २०१९ मध्ये स्थापन झालेली आहे ती निवृत्त खेळाडूंची. म्हणून आपल्याकडे निर्णय होत नाहीत, घोषणा होतात. चांगली घोषणा झाली की आपण आनंद मानतो, पण २०१८ चा आकडा २०२५ मध्ये तसाच का, हे विचारायला टेबलाच्या पलीकडे कुणी बसलेलंच नसतं. माझ्या मते भारतातल्या समान वेतनाच्या प्रश्नाचं मूळ इथे आहे. कुणी मला एकच सुधारणा निवडायला सांगितली तर मी वाढीव रक्कम निवडणार नाही, ही संघटना निवडेन.

जाहिरातींबद्दल थोडक्यात सांगते. तो रकाना दोन-चार चेहऱ्यांपुरता असतो. सोलापूर जिल्ह्याची किरण नवगिरे आठवते का? राज्यात संधी मिळेना म्हणून नागालँडकडून खेळली, २०२२ मध्ये टी-ट्वेंटीत नाबाद १६२ धावा केल्या, भारतीय संघात आली. मार्च २०२३ मध्ये लीगमधल्या आपल्या पहिल्या सामन्यात ती डी. वाय. पाटील मैदानावर उतरली तेव्हा तिच्या बॅटवर प्रायोजकाचं स्टिकर नव्हतं. धोनीच्या नावाची अक्षरं आणि ०७ आकडा तिने पेनाने लिहिला होता, आणि त्या बॅटने ५३ धावा काढल्या. देशाकडून खेळलेल्या फलंदाजाला बॅटची कंपनी मिळालेली नव्हती. तेव्हा मुलीच्या भविष्याचा हिशेब मांडताना जाहिरातींच्या रकान्यात शून्य लिहा.

आतापर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर असं: आंतरराष्ट्रीय मॅच फी समान आहे, आयसीसीची बक्षिसं समान आहेत. २०२५ मध्ये आपल्या मुलींना ४४ लाख ८० हजार डॉलर मिळाले, ते तर २०२३ च्या पुरुष विजेत्यांच्या ४० लाखांपेक्षाही जास्त. डोमेस्टिक दर बरोबरीच्या जवळ आलाय पण दिवस कमी आहेत. वार्षिक करार समान नाही, लीग समान नाही. वाद संपलेला नाही, तो आत्ता कुठे योग्य जागी आला आहे.

आता मुलीचं. तिने खेळावं का? माझ्या मते हो. मी हे काम सुरू केलं तेव्हा मुलीच्या आईवडिलांना सांगायला माझ्याकडे रेल्वेच्या नोकरीशिवाय काही नव्हतं. आज राज्याच्या एकोणीस वर्षांखालच्या संघातल्या मुलीलाही दिवसाचे २५ हजार आहेत, त्या वयोगटाचा विश्वचषक भारताने २०२३ आणि २०२५ मध्ये जिंकलाय, महाराष्ट्रात २०२५ पासून महिलांची चार संघांची लीग आहे. पण पूर्ण वेळ, म्हणजे शिक्षण सोडून, हे मात्र मी कुठल्याच पालकांना सांगत नाही. कितीही गुणी मुलगी असो. मध्यमगती गोलंदाजाची पाठ आणि गुडघा विसाव्या वर्षाच्या आत दगा देऊ शकतात आणि तेव्हा हातात वार्षिक करार नसतो. बारावी आणि पदवी खेळत खेळत होते. पात्रतेच्या अटी पूर्ण झाल्या तर सरकारी नोकरीत ५ टक्के क्रीडा आरक्षणाचा मार्गही उघडू शकतो, पण पात्रतेची परीक्षा द्यायला शिक्षण लागतंच.

राज्याच्या संघात पोचेपर्यंत, म्हणजे अजून दोन-तीन वर्षं, हा खर्चाचाच काळ आहे असं धरा. कमाईचा विचार त्यानंतर. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षापर्यंत राज्याच्या सिनियर संघात नियमित जागा नसेल तर घरच्यांनी तिच्याबरोबर बसून पुढचं बोलावं. तेव्हाही क्रिकेट सोडायचं असं नाही, प्रशिक्षक, पंच, विश्लेषक, फिजिओ ही कामं आता मुलींना मिळू लागली आहेत.

आणि काही कागदपत्रं आजच तयार ठेवा. जन्मदाखला महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा मूळ, शाळेच्या दाखल्याशी तारीख जुळणारा, कारण वयाच्या पडताळणीत यावरूनच मुली अडकतात. तिच्या स्वतःच्या नावाचं पॅन आणि बँक खातं, वडिलांच्या खात्यात मॅच फी घेऊ नका. प्रत्येक सामन्याचं स्कोअरकार्ड आणि निवडपत्र एका फाइलला लावा, नोकरीच्या अर्जाला तेच लागतं. कुणी एजंट येऊन 'लीगमध्ये लावतो' म्हणत सही मागेल, तर कराराची मुदत, टक्केवारी आणि बाहेर पडायचं कलम वाचल्याशिवाय सही करू नका. अठरा पूर्ण होईपर्यंत तिची सही तशीही चालत नाही, पालक म्हणून तुमचीच लागेल. त्यावेळी कागद हातात घेऊन मला विचारलंत तरी चालेल, मी वाचून देईन.